डॅशबोर्डवरचं ५१

अगं, आधी दोन घोट पाणी पी आणि मग माझं ऐक. मे महिन्याची दुपार, उघड्या पार्किंगमध्ये तापत उभी राहिलेली गाडी, कडेवर पाळणाघरातून आणलेली लेक, आणि चावी फिरवल्याबरोबर समोर ५१ अंश. पोटात गोळा येणारच. त्यातून तू कोल्हापूरकडची, नागपुरातला तुझा हा पहिलाच उन्हाळा. ऑफिसातल्या बायकांनी आल्या आल्या तुला नवतप्याच्या, म्हणजे कडक उन्हाच्या त्या नऊ दिवसांच्या, गोष्टी ऐकवल्या असतील, शेजारच्या काकूंनी पर्समध्ये कांदा ठेवायला सांगितला असेल. आणि आता गाडीच म्हणतेय, बाहेर ५१ आहे. लेकीला घेऊन निघायचं की इथंच कुठं सावलीत बसायचं, असा प्रश्न तुला पडला तर त्यात हसण्यासारखं काही नाही.

पण खरं सांगू का, ते ५१ खरं असतं ना, तर उद्याच्या पेपरात तुमच्या ऑफिसच्या पार्किंगचा फोटो आला असता. राजस्थानातल्या फलोदीला १९ मे २०१६ रोजी ५१ अंश नोंदले गेले, तो आपल्या देशाचा अधिकृत उच्चांक. आणि तुझी गाडी म्हणतेय की रामदासपेठेत झाडाखाली जागा मिळाली नाही म्हणून उभ्या उभ्या तिनं फलोदीला गाठलं! मीही नवी होते तेव्हा असा आकडा बघून सासूबाईंना घाईनं फोन लावला होता, 'आई, आज पन्नास आहे, गच्चीवर मुळीच जाऊ नका.' त्या गच्चीवरूनच बोलत होत्या, कुरडया उलटवत. 'बरं' म्हणाल्या आणि उरलेल्या उलटवायला लागल्या.

तर बघ, गाडी खोटं बोलत नाही. तिला जिथं हात लावायला दिलाय तिथलं ती सांगते. ती जागा कुठली, ते एकदा कळलं की तुझी निम्मी काळजी मिटेल.

बोनेटच्या पुढच्या जाळीतून खाली डोकावून बघ कधीतरी. बंपरच्या मागं, रेडिएटरच्या पुढ्यात, बोटाच्या पेराएवढा काळ्या प्लास्टिकचा एक तुकडा अडकवलेला असतो, त्याला दोन वायरी. तो बाहेरच्या तापमानाचा सेन्सर. काही गाड्यांत तो दाराच्या आरशाखाली असतो, एक बारीक थेंब लोंबल्यासारखा. त्याच्या आत थर्मिस्टर नावाची चीज असते. ती तापली की तिच्यातून वीज सहज वाहते, गार पडली की अडते, आणि किती अडतेय त्यावरून गाडीचा संगणक अंश काढतो. एवढंच. हे पुढं आपल्याला लागणार आहे, म्हणून गार म्हणजे अडथळा जास्त, हे तेवढं ध्यानात ठेव.

आता तो बिचारा बसलाय कुठं ते बघ. खाली डांबर, आणि मे महिन्यात भर दुपारी डांबराचा पृष्ठभाग साठ अंशांवर जातो. सेन्सर गुडघ्याएवढ्या उंचीवर, म्हणजे त्या तापलेल्या रस्त्याच्या अगदी जवळ. पाठीशी रेडिएटर. आणि रेडिएटरच्याही पुढं एसीचा कंडेन्सर. तुला आत गार वाटावं म्हणून एसी जी उष्णता बाहेर टाकतो ना, ती टाकायची जागा नेमकी याच्या पाठीशी! गाडी पळत असते तेव्हा समोरून वारा येतो आणि ही सगळी धग मागं लोटली जाते, त्यामुळं निभतं. पण व्हरायटी चौकात सिग्नलला थांबलीस, पुढं एक ट्रक धूर सोडत उभा आहे, वाऱ्याचं नाव नाही, इंजिनाची ऊब फिरून पुढं येतेय, अशा वेळी त्यानं काय सांगावं गं? आरशाखालचा सेन्सर इंजिनापासून लांब असतो, म्हणून जरा बरा, पण ऊन थेट आरशावर आलं की तोही तापतो.

आता वेधशाळा कशी मोजते ते बघ, म्हणजे तुझ्या गाडीवरचा राग जाईल. पांढऱ्या रंगाची एक लाकडी पेटी, चारी बाजूंना खिडकीच्या झडपांसारख्या तिरप्या फटी, जमिनीपासून साधारण सव्वा ते दोन मीटर उंच. आत थर्मामीटर. ऊन त्याच्यावर पडू द्यायचं नाही, पण वारा मात्र खेळला पाहिजे. ही पेटी एकोणिसाव्या शतकात थॉमस स्टीव्हन्सन या स्कॉटलंडच्या इंजिनिअरनं काढली. दीपगृहं बांधणं हा त्यांच्या घराण्याचाच धंदा, आणि 'ट्रेझर आयलंड' लिहिणारा स्टीव्हन्सन हा त्यांचा मुलगा. लेक मोठी झाली की तिला सांगायला उपयोगी पडेल.

सांगायचं काय, की बातम्यांत 'नागपूर ४५' म्हणतात ते सोनेगावला विमानतळाजवळच्या वेधशाळेतलं, सावलीतलं, वाऱ्यावरचं ४५. उन्हातलं नव्हे. तू स्कार्फ गुंडाळून रस्त्यावर उभी असतेस तेव्हा तुला लागतं ते ऊन त्याहून कितीतरी जास्त असतं, आणि ते कुठल्याच आकड्यात नसतं. गाडी वर्धा रोडवर नीट पळत असताना ४७ दाखवत असेल आणि फोन ४५ म्हणत असेल, तर दोघांचंही बरोबर आहे. डांबराच्या अंगालगतची हवा खरंच तेवढी गरम असते. या दोन-तीन अंशांवरून कुणाशी वाद घालू नकोस. आमच्याकडे जेवणाच्या टेबलावर दोन माणसं आपापल्या गाडीच्या आकड्यावरून इतकी हमरीतुमरीवर आली होती की मला ताक ढवळायचं सोडून मध्ये पडावं लागलं.

उष्णतेची लाट आहे की नाही हेही वेधशाळेच्याच आकड्यावर ठरतं बरं का. आपल्यासारख्या मैदानी भागात कमाल तापमान ४० किंवा त्याच्या वर हवं आणि नेहमीपेक्षा निदान साडेचार अंशांनी जास्त हवं, नाहीतर मग सरळ ४५ गाठलेलं हवं. ४७ झालं की तीव्र लाट. तेव्हा मुलीला दुपारी बाहेर काढायचं की नाही हे ठरवायचं असेल, तर हवामान खात्याचा इशारा सकाळीच बघून ठेव. पार्किंगमध्ये चावी फिरवल्यावर ठरवायची ती गोष्ट नाही.

आणि मोजणारे मोठे असले तरी यंत्र ते यंत्रच. २०२४ चा मे आठवतो का? दिल्लीच्या मुंगेशपूरला २९ तारखेला ५२.९ अंश नोंदले गेले आणि देशभर हाहाकार झाला. नंतर तपासलं तर तिथला सेन्सर जवळपास तीन अंशांनी चढं दाखवत होता. लगेच दुसऱ्या दिवशी आपल्या नागपुरात, रामदासपेठेतल्या कृषी विद्यापीठाच्या शेतातल्या स्वयंचलित केंद्रानं चक्क ५६ दाखवलं! लोकांनी फोनवर एकमेकांना ते पाठवून पाठवून अंगाची आणखी लाही करून घेतली. मग हवामान खात्यानं सांगितलं की सेन्सरच बिघडला होता. म्हणजे हवामान खात्याच्या यंत्राला हे होतं, तर तुझ्या गाडीतल्या चिमूटभर सेन्सरनं काय घोडं मारलंय?

आता तुला वाटेल, एवढे हुशार लोक गाड्या बनवतात, त्यांना ही धग कळत नाही का? कळते गं. म्हणूनच बऱ्याच गाड्यांत त्यांनी एक युक्ती घालून ठेवलेली असते. आकडा खाली यायचा असेल तर लगेच येऊ द्यायचा. वर चढायचा असेल, तर गाडी बऱ्यापैकी वेगानं थोडा वेळ पळाल्याशिवाय चढू द्यायचा नाही. का, तर सेन्सरला खोटी उष्णता द्यायला इंजिन, ऊन, रस्ता, पुढचा ट्रक असे सगळे टपलेलेच असतात. खोटा गारवा द्यायला फारसं कुणी येत नाही. शिवाय इंजिन अजून गरम असताना गाडी पुन्हा सुरू केलीस, म्हणजे भाजी घेऊन पाच मिनिटांत परत आलीस, तर अशा गाड्या नवा आकडा न घेता मघाचाच दाखवत राहतात. वेग किती आणि वेळ किती, हे प्रत्येक कंपनीचं वेगळं.

मग तुझं ५१ आलं कुठून, असं विचारशील. चांगला प्रश्न आहे. गाडी सकाळपासून उभी होती ना? इंजिन केव्हाच निवलं, म्हणून गाडीला वाटलं की आता सेन्सरवर विश्वास ठेवायला हरकत नाही, आणि तिनं नवा आकडा घेतला. पण दिवसभर बंपरवर ऊन होतं आणि खालून डांबर तापत होतं, हे तिला कुठं ठाऊक! तू निघालीस, चौक ओलांडून मोकळ्या रस्त्याला लागलीस की बघ, तोच आकडा भराभर उतरेल. ५१, ४९, ४७, आणि मग कुठंतरी येऊन टिकेल. जिथं टिकेल तो आकडा तुझा.

उलटी गंमतही होते. मॉलच्या तळघरात गाडी लावलीस, खरेदी केलीस, वर आलीस. गाडी म्हणते ३३. बाहेर तर भट्टी पेटलीय. सीताबर्डीच्या गर्दीत तू मुंगीच्या पावलानं पुढं सरकतेस, वेग काही येत नाही, आणि गाडी आपली ३३ वरच अडून. मग तू नवऱ्याला सांगतेस, सेन्सर गेला. नाही गेला गं. चढायची परवानगी मिळायला जेवढा वेग लागतो, तेवढा त्या गर्दीत मिळालाच नाही.

गाडी धुऊन आणल्यावरही आकडा थोडा वेळ कमी दिसू शकतो. ओल्या सेन्सरवरचं पाणी वाळताना उष्णता घेऊन जातं. आपल्या कोरड्या उन्हात कूलर चालतो तो याच कारणानं, आणि कोकणात चालत नाही तोही याच कारणानं.

तेव्हा एवढं धरून चाल: मोकळ्या रस्त्यावर दहा-पंधरा मिनिटं सलग गाडी चालली की मगच त्या आकड्याकडे बघायचं. कधी चिखलदऱ्याला जाशील तेव्हा परतवाड्यापासून लक्ष ठेव. घाट चढायला लागलं की आकडा एकेक अंशानं उतरत जातो, वर पोचेपर्यंत चार-पाच अंश सहज. हजार मीटर चढलं की साधारण साडेसहा अंश कमी होतात, त्या हिशोबाशी हे बऱ्यापैकी जुळतं. तिथं हाच सेन्सर किती शहाण्यासारखा वागतो ते बघून तुला त्याच्याबद्दल माया वाटेल. मला वाटते.

पण आता जरा कान इकडं कर, कारण यापुढचं मी दटावून सांगणार आहे. तो आकडा बाहेरचा आहे. आतला नव्हे. ५१ बघून तू घाबरतेस, त्यात धोका नाही, कारण घाबरलेली आई मुलीला गाडीत ठेवत नाही. मला भीती वाटते ती ३० ची. नोव्हेंबरातली छान दुपार, आकडा ३०, लेक मागं झोपलेली, आणि औषधाच्या दुकानात दोनच मिनिटांचं काम. नाही म्हणजे नाही. २००५ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासासाठी कॅलिफोर्नियात काही डॉक्टरांनी आणि हवामानाच्या अभ्यासकानं मिळून उन्हात बंद गाडी ठेवून मोजून पाहिलं होतं, तेही २२ ते ३६ अंशांच्या दिवसांत, आपल्यासारख्या उन्हात नव्हे. तासाभरात आतलं तापमान सरासरी २२ अंशांनी चढलं, आणि त्यातला ८० टक्के चढ पहिल्या अर्ध्या तासातच झाला. काच बोटभर खाली ठेवून काही उपयोग झाला नाही. आणि लहान मुलाचं अंग मोठ्या माणसापेक्षा कितीतरी लवकर तापतं. झोप मोडली तर मोडू दे, रडली तर रडू दे, उचलून बरोबर न्यायची.

दुपारी निघताना माझी रीत सांगते. समोरासमोरची दोन दारं उघडायची, धग जाऊ द्यायची. लेकीच्या सीटवर सकाळीच पांढरा पंचा टाकून ठेवायचा. बेल्टचं बक्कल आधी आपल्या हाताला लावून बघायचं, कारण ते लोखंड चटका देतं. मग एसी, पहिली दोन मिनिटं काचा खाली ठेवून, आणि गरम हवा गेली की काचा वर. समोर ५१ असो नाहीतर ४४, यात काही बदलत नाही. म्हणून तर म्हणते, त्या आकड्याकडे बघूच नको तेव्हा.

थंड देशात मात्र हाच आकडा जिवाशी येतो. माझी भाची मिनीॲपोलिसला असते, तिनं पहिल्या हिवाळ्यात विचारलं, 'मावशी, बाहेर चार अंश आहे आणि गाडी बर्फाचं चिन्ह दाखवून टिंग करते, बिघडलीय का?' बिघडलेली नाही. पुष्कळ गाड्या तीन-चार अंशांवरच सावध करतात, कारण हवा शून्याच्या वर असली तरी रस्ता आधीच गोठलेला असू शकतो. पूल तर सगळ्यात आधी, त्याला वरून आणि खालून दोन्हीकडून गारठा लागतो. तिला मी एवढंच सांगितलं की चार म्हणजे पाणी आणि शून्य म्हणजे बर्फ असं गणित रस्त्यावर मांडू नकोस. आणि बंपरवर बर्फाचा थर चिकटला असेल तर सेन्सर त्या थराचंच तापमान सांगतो, तेव्हा निघण्याआधी झटकून टाक.

बरं, आता आपल्याकडचा खरा बिघाड. तो कसा ओळखायचा, ते नीट ऐक, कारण यात तुझे पैसे वाचणार आहेत.

भर मे महिन्यात गाडी उणे ४० दाखवायला लागली, तर हसून सोडून देऊ नकोस. मघाशी म्हटलं ना, गार म्हणजे अडथळा जास्त? वायर तुटली किंवा सॉकेट निसटलं की वीज वाहतच नाही. संगणकाला वाटतं, अबब, एवढा अडथळा, म्हणजे बाहेर ध्रुवावरचा गारठा असणार. पुष्कळ गाड्यांत मोजण्याचं खालचं टोक उणे ४० असतं, म्हणून तो आकडा. काही गाड्या नुसत्या दोन रेघा दाखवतात. उलट वायरी एकमेकींना चिकटल्या, तर आकडा भलताच वर जातो आणि तिथंच बसतो. आणि तिसरी तऱ्हा म्हणजे सकाळ, दुपार, रात्र, घाट, मैदान, कुठंही गेलीस तरी एकच आकडा.

यात एसीचा काय संबंध? आहे ना! बाहेर फार थंडी असताना कॉम्प्रेसर चालवू नये म्हणून बऱ्याच गाड्या ठरावीक तापमानाच्या खाली तो सुरूच होऊ देत नाहीत. सेन्सर म्हणतो उणे ४०, गाडी म्हणते मग कशाला हवाय एसी, आणि तू आत घामानं निथळतेस. पंखा चालू, बटण लागलेलं, हवा मात्र गरम. गॅरेजमध्ये गेलीस की पहिलं वाक्य ठरलेलं, 'मॅडम, गॅस संपलाय.' गॅस भरूनही गार नाही झालं की दुसरं वाक्य, 'कॉम्प्रेसर गेला.' आणि त्याचं बिल पाच आकडी. सेन्सर मात्र कॉम्प्रेसरच्या मानानं अगदीच स्वस्त भाग आहे. मेकॅनिक फसवतोच असं मी म्हणत नाही हं. दहापैकी बऱ्याच वेळा गॅसच गेलेला असतो, म्हणून त्याच्या तोंडी तेच आधी येतं. पण आकडाही वेडावाकडा दिसतोय आणि एसीही गार करत नाही, असं दोन्ही एकदम झालं, तर तूच तोंड उघडायचं.

काय म्हणायचं ते सांगते. 'भाऊ, आधी स्कॅनर लावा, आणि गाडीला बाहेरचं तापमान किती वाटतंय ते मला वाचून दाखवा.' स्कॅनरमध्ये ते ॲम्बियंट टेम्परेचर म्हणून दिसतं. बिघाडाचा कोड पी ००७० ते पी ००७४ यांतला आला, तर तो याच सेन्सरच्या वायरिंगचा किंवा सेन्सरचा. मग सेन्सर काढून मुठीत धरायला सांग आणि मीटर लावायला सांग. मुठीत धरल्यावर अडथळा बदलायला लागला तर सेन्सर जिवंत आहे, वायर बघा. ढिम्म हलला नाही तर सेन्सर बदला. हे तू शांतपणे, गाडीची कागदपत्रं हातात धरून म्हणालीस ना, की समोरचा माणूस आधी तुझ्याकडे बघतो आणि मग स्कॅनर शोधायला जातो. आम्ही बायका गॅरेजमध्ये उगाच माना डोलावतो गं. मीही डोलावली आहे, 'फ्युएल इंजेक्टर' आणि 'फॅन बेल्ट' एकच समजून.

एक जागा मात्र मुद्दाम तपासून घे. गाडी मागं कधी ठोकली होती का? बंपर काढून डेंटिंग-पेंटिंग करून आणलं होतं का? कारण बंपर बसवताना हा सेन्सर त्याच्या खुंटीवर परत लावायचा राहतो. मग तो वायरीला लोंबकळत कंडेन्सरला टेकतो आणि आकडा कायम पाच-सात अंश चढा. नाहीतर सॉकेट जोडायलाच विसरतात, की झालं उणे ४०. आरशाखाली सेन्सर असलेल्या गाडीला बाजारातला स्वस्त आरसा बसवून घेतलास, तर त्यात सेन्सर असतोच असं नाही. जुनी गाडी घेतली असशील तर हे आधीच्या मालकाला विचार. बंपरपुढं लावलेला भलामोठा गार्ड, जाळीत अडकलेला चिखल आणि पालापाचोळा, यांनीही वारा अडतो. तो तर तू घरीच साफ करशील, जुना टूथब्रश घेऊन.

आणि गॅरेजला जायच्याही आधी घरी एक परीक्षा घेऊन टाक. गाडी रात्री बाहेर, मोकळ्यावर उभी ठेव. सकाळी सूर्य उगवायच्या आत उठ. तू उठतेसच, डबा असतो. गच्चीवर किंवा फाटकाशी एक साधा थर्मामीटर रात्रीच टांगून ठेव. इंजिन सुरू न करता नुसती चावी फिरव आणि दोन्ही आकडे बघ. रात्रभरात इंजिन निवलेलं, डांबर निवलेलं, ऊन नाही, ट्रक नाही, सेन्सरला बहकवायला कुणीच नाही. तेव्हा फरक एक-दोन अंशांचा असेल तर सेन्सर ठणठणीत आहे, दुपारी तो काय वाटेल ते म्हणू दे. फरक सात-आठचा असेल, आणि दोन-तीन सकाळी तसाच येत असेल, तर मग जा गॅरेजला. फोनमधला आकडा या परीक्षेला धरू नकोस. तो जवळच्या केंद्रावरून आणि गणितावरून काढलेला अंदाज असतो, तुझ्या फाटकाशी येऊन कुणी मोजलेला नसतो.

सेन्सर बदलल्यावर आकडा लगेच सुधारला नाही तर तिथंच भांडण काढू नकोस. चढायला वेळ घेण्याची युक्ती इथंही लागू होते. एखादी चक्कर मारून ये, मग बघ. आणि काढलेला जुना सेन्सर आठवणीनं मागून घे. घरी नेऊन काय करणार मॅडम, असं विचारतील. विचारू दे.